कर्करुग्णांसाठी चार झाडांची सावली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे येणाऱ्या एका मावशींना स्तनाचा कर्करोग निघाला. शहरातल्या रुग्णालयात केमोथेरपीचे दोन डोस झाले आणि तिसऱ्याला जायला त्यांनी साफ नकार दिला. "सुईचं भ्या नाही डॉक्टर, पण त्या बोळात दिवसभर बसवत नाही," असे त्या म्हणाल्या. खिडकी नाही, वारा नाही, समोर रांगेने आजारी चेहरे! समजूत घालून पाठवले खरे, पण तीन आठवडे वाया गेले. या रोगात तीन आठवडे थोडे नव्हेत.

अशाच एका बोळातून स्कॉटलंडमध्ये मोठे काम उभे राहिले. मॅगी केसविक जेन्क्स या चिनी बागांच्या अभ्यासक. १९८८ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. १९९३ मध्ये तो उलटला. दोन-तीन महिनेच उरले आहेत, हे ऐकल्यावर त्यांना बिनखिडकीच्या बोळात बसावे लागले, कारण पुढचे रुग्ण खोळंबले होते. त्यानंतर उपचार घेत असतानाच त्यांनी रुग्णालयाच्या आवारात एका छोट्या घराची कल्पना मांडली. तिथे चहा मिळेल, बोलायला माणूस असेल आणि खिडकीबाहेर बाग असेल. १९९५ साली त्या वारल्या. १९९६ मध्ये एडिंबरो येथे जुन्या तबेल्याच्या जागी पहिले केंद्र सुरू झाले. आज ब्रिटनमध्ये अशी वीसहून अधिक केंद्रे आहेत.

बागेने कर्करोग बरा होतो, असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. उपचार डॉक्टरांचेच. पण मन शांत असेल तर रुग्ण ते नेटाने पुरे करतो. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

बाग करताना काही पथ्ये पाळावीत. केमोथेरपीत वासाने मळमळते, म्हणून रातराणीसारखी उग्र वासाची झाडे नकोत. कण्हेर विषारी, तीही नको. किरणोपचार घेतलेल्या त्वचेला ऊन सोसत नाही, म्हणून दाट सावली हवी. वाट सपाट आणि व्हीलचेअर जाईल एवढी रुंद असावी. थोड्या-थोड्या अंतरावर पाठीचा व हातांचा आधार असलेले बाक हवेत. पाणी साचू देऊ नये, डास होतात. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाने माती उकरू नये, जंतुसंसर्गाचा धोका असतो. त्याने नुसते बसावे. आणि एखादा कोपरा असा असावा, की तिथे बसून माणसाला मोकळेपणी रडता येईल.

आपल्याकडे यासाठी मोठा निधी कशाला हवा? रुग्णालयाच्या मागे पडलेले भंगार हलवले, चार कडुनिंब लावले, सहा बाक टाकले आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली, तरी सुरुवात होईल. आपल्या गावात वाढदिवसाच्या फलकांवर होणारा खर्च पाहिला, तर पैसा नाही असे कोणी म्हणू नये. मंडळांनी आणि दानशूरांनी यंदा एक बाक तरी द्यावा.

मावशींचे सहाही डोस पुरे झाले. शेवटचे चार त्यांनी आवारातल्या एका चिंचेखाली सतरंजी टाकून, नंबर येण्याची वाट पाहत काढले. ती चिंच कोणी मुद्दाम लावलेली नव्हती. आपण मुद्दाम लावू या.