लहान केंद्राचा इतिहास कुणी लिहायचा?

नभोवाणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा उद्घाटनांच्या तारखांनी लिहिला जातो: मुंबई १९२७, नागपूर १९४८, पुणे १९५३, विविध भारती १९५७. यवतमाळसारखे जिल्हा केंद्र त्यात फारसे दिसत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ही उपेक्षा मान्य करू नये, असे मला वाटते.

१९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. १९५२ मध्ये बा. वि. केसकर मंत्री झाले, चित्रपटगीतांवर निर्बंध आले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. काय ऐकण्याजोगे आहे, याचा निवाडा दिल्लीत होत असे. १९८४ मध्ये नागरकोइलला पहिले स्थानिक केंद्र निघाले आणि पुढे यवतमाळसह अनेक जिल्ह्यांत अशी केंद्रे आली. हा निवाडा श्रोत्यांच्या जवळ आणण्याची ती संधी होती.

ती कितपत साधली, हे मारेगावच्या बाजूने पाहावे. हा कोलामांचा मुलूख. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिला स्वतःची लिपी नाही. एमेनो यांचे तिच्यावरचे पुस्तक १९५५ मध्ये आले. पण मौखिक भाषेचे खरे दप्तर म्हणजे आवाज. त्याच परिसरात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात. गाणी संपली की झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. हे सारे नभोवाणीवर येते तेव्हा स्वरचाचणी, ठरलेली मिनिटे आणि ‘लोकसंगीत’ हा एकच खण यांतून जाते. अंगण वगळले जाते, सवालजवाबाची लय तुटते. तरीही जे ध्वनिमुद्रित झाले ते मोलाचे, कारण त्या गाणाऱ्या बायांची दुसरी प्रत नाही. फिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत तर जगभरच्या केंद्रांत होती.

म्हणून लहान केंद्राचा इतिहास म्हणजे निवडीचा आणि गाळणीचा इतिहास होय. संहिताचिकित्सा करताना आपण पाठभेद पाहतो, प्रक्षेप ओळखतो, गळालेले चरण शोधतो. तीच शिस्त येथे लागते. विदर्भातील मराठी विभागांनी जुन्या निवेदकांच्या, गायकांच्या आणि पत्रे पाठवणाऱ्या श्रोत्यांच्या मुलाखती घ्याव्यात, उरलेल्या फितींची सूची करावी आणि गावात आजही गायले जाणारे पाठ त्यांच्याशी ताडून पाहावेत. एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी याहून निकडीचा विषय मला तरी दिसत नाही; कारण ज्यांना विचारायचे, ती माणसे आता थकली आहेत.