कट्टा भट्टीतला, काडतूस कुठले?

इंग्रजी अमदानीत धारच्या पवारांना १५ तोफांची सलामी होती. देवासच्या थोरल्या पातीला १५ आणि धाकट्या पातीलाही १५. आज मात्र मराठी वर्तमानपत्रांत माळवा-निमाडच्या या पट्ट्याचे नाव शस्त्राच्या संदर्भात येते ते गावठी कट्ट्यापायी.

धार जिल्ह्यातील मनावर आणि गंधवानी, शेजारच्या खरगोनमधील सिगनूर, बुरहानपूरमधील पाचोरी, बडवानीतील उमर्टी ही नावे पोलिसांना पाठ आहेत. या भागातल्या काही सिकलीगर वस्त्यांत लोखंडाला आकार देण्याचे कसब पिढीजात आहे. पूर्वज तलवारींना धार लावत, शस्त्रे घडवत. राजे गेले, फौजा गेल्या आणि कसब उरले. त्याला गिऱ्हाईक मिळाले ते गुन्हेगारांचे.

अशा बातम्या आल्या की कायदा कडक करा, ही मागणी ठरलेली. पण कायदा मऊ आहे कुठे? १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्याला किमान सात वर्षे कैद आणि कमाल जन्मठेप आहे. परवानाधारकालाही आता तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. लग्नाच्या वरातीत बेफिकीरपणे हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. अमेरिकेप्रमाणे भारतात शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क नाही, याचीही तेव्हा आठवण दिली.

ऑस्ट्रेलियाचा दाखला नेहमी दिला जातो. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जणांची हत्या झाल्यावर तिथल्या सरकारने सहा लाखांहून अधिक बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. पण त्या बहुतांशी उघड्या बाजारात घेतलेल्या बंदुका होत्या. भट्टीत घडलेल्या कट्ट्याची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

धाडी पडतात, भट्ट्या मोडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये उमर्टीत कारवाईला गेलेल्या जळगावच्या पोलीस पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेण्यात आले. काही तासांनी त्याची सुटका झाली. पण मोडलेली भट्टी पुन्हा उभी करायला मोठे भांडवल लागत नाही.

खरा प्रश्न काडतुसाचा आहे. गावठी पिस्तूल खेड्यात घडते. चांगले काडतूस बहुधा कारखान्यातूनच येते. परवान्यावर किती काडतुसे घ्यायची याला मर्यादा आहे आणि दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवायची असते. तरीही गुन्हेगारांकडे ‘जिवंत काडतुसे’ सापडतात, याचा अर्थ कायदेशीर साठ्याला कुठेतरी गळती आहे. कट्टा पकडला की बनवणाऱ्याचा फोटो छापून येतो. काडतूस कोणत्या कारखान्याचे, कोणत्या दुकानातून निघाले, दलाल कोण आणि विकत घेणारा कोण, हे फारसे छापून येत नाही.

म्हणून नवे कलम नंतर, आधी हे करावे. जप्त झालेल्या प्रत्येक काडतुसाचा माग दुकानापर्यंत काढावा. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र पोलिसांनी या नोंदी एकत्र ठेवाव्यात. आणि सिकलीगर कारागिरांच्या हाताला पिथमपूरच्या कारखान्यांत काम द्यावे. धार जिल्ह्यातलीच ही औद्योगिक वसाहत आहे, आणि तिथे रोज लोखंडच घडवले जाते.