कणा बघायचा की माणूस?

‘कणा ताठ ठेवा’ हा उपदेश आपण प्रत्येक व्यासपीठावरून ऐकतो. तो वाकवावा कसा, हे मात्र कुणी शिकवीत नाही!

माझी मावशी गासची. सारा जन्म वाडीत गेला. बावखलाचे पाणी वाफ्यांना घालायचे, भाजी खुडायची, जुड्या बांधायच्या आणि पहाटेच्या लोकलने दादर गाठायचे. दोन वर्षांपूर्वी तिची कंबर धरली. एका डॉक्टरांनी एम.आर.आय.ची फिल्म उजेडापुढे धरली, “मणक्यांची झीज आहे, वाकू नका,” असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. वाडीतल्या बाईने वाकायचे नाही, तर करायचे काय? मावशीने भीतीने वाकणे सोडले. वाडी सुकली, कंबर मात्र अधिकच आखडली.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी फिल्म बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “मावशी, माझ्यासमोर वाका पाहू.” तेव्हा दिसले की तिचे खुबे जागचे हलतच नव्हते, सारा वाक कमरेच्या मणक्यांतून येत होता. खुर्चीवर बसून गुडघा सरळ केला, तरी कंबर मागे कलायची. मणक्यांच्या हालचालीवरचा ताबा पाहायचा तो असा.

या पाहण्याला शास्त्राचा आधार आहे. हानू लुओमायोकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अशा सहा साध्या चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २१० जणांपैकी कंबरदुखी असलेल्यांच्या सरासरी दोनाहून अधिक चाचण्या चुकल्या, तर निरोगी माणसांच्या एकाहूनही कमी. आधी चूक की आधी दुखणे, हे मात्र या चाचण्या सांगत नाहीत, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मग फिल्म निरुपयोगी काय? मुळीच नाही. पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा ताप येऊन वजन घटू लागले, तर तपासणी तातडीने हवीच. परंतु ‘झीज’ तर कधीही कंबर न दुखलेल्या माणसांच्या फिल्ममध्येही दिसते. वयाबरोबर केस पिकावेत, तशीच ती! या एका शब्दाने माणसाला अंथरुणाला खिळवणे योग्य नव्हे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी रुग्णाला नीट समजावून सांगणे आणि व्यायाम यांवर भर आहे.

कुणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला? मित्रहो, मूळ कविता न वाचता गाइडवर परीक्षा देणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोण जाणतो! फिल्म हे गाइड आहे. कविता आहे तो समोरचा माणूस.

मावशी आज पुन्हा वाफ्यात वाकते, पण खुब्यातून. दुखणे अजून अधूनमधून डोके वर काढते. भीती मात्र गेली आहे. तिला पहिल्याच दिवशी कुणी ‘वाका पाहू’ म्हटले असते, तर वाडी सुकली नसती.