अंगण बुजवू नका, मृगाआधी मोकळं करा

अंगणात काँक्रीट ओतायला गवंडी सांगून ठेवला असेल, तर त्याला आठ दिवस थांबवा. पेव्हर ब्लॉकची गाडी ठरली असेल, तर तीही थांबवा. ही विनंती लातूरकरांना आहे, आणि बीड, धाराशिव, जालन्यात दारापुढे हातभर जागा असलेल्या प्रत्येक घराला आहे. मृग तोंडावर आलाय. पाऊस एकदा लागला की या वर्षाची संधी गेली.

२०१६ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं. पाण्यावरून मारामाऱ्या होतील म्हणून शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. आयाबाया रात्ररात्र जागल्या, शाळकरी पोरं घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. मग पाऊस झाला, धरण भरलं, आणि दारोदारी फरशा बसू लागल्या.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि एक हिशेब मांडा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. पावसाळाभरात ७०० मिलिमीटर धरा, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा. तरी ५० हजार लिटर उरतं. त्या रेल्वेची अख्खी वाघीण दर पावसाळ्यात तुमच्या एकट्याच्या छतावर रिती होते! ती जाते कुठे? पाइपातून फरशीवर, फरशीवरून फाटकाबाहेर, आणि गटारात. खालच्या आळीतल्या कुणाच्या तरी उंबऱ्यातून पाणी घरात शिरतं ते वेगळंच.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरतं ते भेगांमधून, सावकाश. पाणी जागेवर थांबलं तरच थोडं खाली उतरतं. आपण मात्र वरून झाकण घालतो आणि बोअर आणखी खोल नेतो. हे किती वर्षं चालेल, तुम्हीच सांगा. आज अंगणात खेळणारी तुमची नात सासरी जाईपर्यंत तरी चालेल का?

म्हणून आधी छताचं पाणी अडवा. पाइपाचं तोंड शोषखड्ड्याकडे वळवा. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असेच खड्डे घेऊन सांडपाणी जिरवलं, उघडी गटारं आणि डास दोन्ही हटवले. तुम्हाला अवघड नाही. एकच जपा: काळी माती फुगते आणि आकसते, म्हणून खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब ठेवा. पिण्याच्या पाण्याचं बोअर जवळ असेल, तर सांडपाणी त्याच्या आसपासही जिरवू नका.

आणि हिरवळ लावू नका. हे कळकळीचं सांगणं आहे. भर उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाला पाच लिटर तरी लागतं. पाचशे चौरस फूट हिरवळ महिन्याला सात हजार लिटर पिते. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न धसाला लावला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. क्रिकेटला जो न्याय लागला, तो आपल्या दाराला लागत नाही का?

अंगण ओसाड ठेवा असं कुणी म्हणत नाही. उलट ते वापरात आणा. बसायच्या जागी मुरूम टाका, पाणी मारून धुमसानं ठोका. चिखल नको असेल तर शहाबादी फरशा सुट्या मांडा, मधल्या सांधी सिमेंटनं भरू नका. पश्चिमेला कडुनिंब लावा, घरापासून लांब. पाच-सात वर्षांत संध्याकाळचं ऊन अडेल आणि आजोबांची बाज बाहेर येईल. सिमेंटचं अंगण रात्री उशिरापर्यंत धगधगतं. तिथे ना म्हातारं बसतं, ना लेकरू खेळतं. मग ते कुणासाठी केलं?

शेवगा लावा, पण विजेच्या तारांखाली नको, त्याची फांदी ठिसूळ. सीताफळ, कढीपत्ता, अडुळसा, कोरफड, पारिजातक, सदाफुली लावा. ही झाडं एकदा रुजली की फार मागत नाहीत. कण्हेर कमी पाण्यावर फुलते, पण ती विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर टाळा. बुंध्याशी पाचट किंवा पालापाचोळा चार बोटं अंथरा, ऊन मातीपर्यंत पोहोचू देऊ नका. पालापाचोळा जाळू तर मुळीच नका. रोपाशेजारी साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण ठेवा. पाझरून पाणी थेट मुळाशी जातं. आंघोळीचं पाणी केळीला आणि कर्दळीला सोडा.

फरशी आधीच बसली असेल तर हताश होऊ नका. कुंपणाच्या भिंतीच्या कडेनं दोन फुटांची पट्टी उखडा. तेवढीच उखडा, पण या आठवड्यात उखडा. एकट्या कुटुंबावर भार नको असेल, तर गल्लीतली चार घरं मिळून एक मजूर लावा, दगड-खडी एकदम मागवा. खर्च वाटला जाईल आणि कामही लवकर उरकेल.

येत्या रविवारी सकाळी, उन्हाआधी, पहार आणि फावडं काढा. पोरांना हाक मारा, शेजाऱ्यांना सांगा. छताचा पाइप कुठे उतरतो ते पाहा, आणि तिथे घराच्या पायापासून दहा फूट मोजून खड्ड्याची खूण आखा.