सीडीवालं मासिक

'पीसीक्वेस्ट' हे इंग्रजी मासिक १९८७ साली सुरू झालं. १९९६ मध्ये त्यांनी अंकासोबत चक्क लिनक्सची सीडी दिली. मंडळी, याचं मोल सातारा-सांगलीकडच्या हौशी पोरांना विचारा! ६५० एमबीची सीडी ५६ केबीपीएसच्या मोडेमवरून उतरवायची तर किमान सव्वीस तास, तेही फोन न तुटता. इथे ती अंकाबरोबर हातात!

खंत एकच. समजून घ्यायला आधी इंग्रजीशी झटापट. १९२० साली आपल्याच किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि तिचं पुढे घरोघरी वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' झालं. म्हणजे यंत्रांच्या गावात मराठी मासिक रुजतं, हे सिद्ध झालेलंच आहे. यंत्राची गोडी आपल्या भाषेत लवकर लागते, असं माझं ठाम मत. तेव्हा जाणकारांनो, 'घरी करून बघा' असं काहीतरी मराठीत लिहा की!