नास्तिकाचे गाव कोणते?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दाखल्यासाठी अर्ज भरीत होतो. नाव, पत्ता, जन्मतारीख हे सारे सरळ पार पडले आणि पेन 'धर्म' या रकान्यापाशी अडले. मी तिथे 'नाही' असे लिहिले. खिडकीमागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "नाही म्हणजे? काहीतरी असेलच की! आईवडिलांचा असेल तो लिही." माझ्या मागे रांगेत उभे असलेले एक काका तर आणखी पुढे गेले. "अरे, आता धर्म नाही म्हणतोस, उद्या पोरगी कोण देईल तुला?" रांग हसली, मीही हसलो आणि मुकाट्याने आईवडिलांचा धर्म लिहून मोकळा झालो.

घरी येताना मात्र मला स्वतःची लाज वाटली. एका शब्दासाठी कोणी मला मारणार नव्हते, तुरुंगात टाकणार नव्हते, तरीही मी माघार घेतली. मग ज्या देशांत या शब्दाची किंमत प्राणांनी मोजावी लागते, तिथे माझ्यासारख्याने काय केले असते? तेव्हापासून डोक्यात घोळत असलेला प्रश्न आज वाचकांपुढे मांडतो आहे. देव न मानणारा माणूस सगळीकडे सारखाच असतो काय? की त्याचे नास्तिकपणही त्याच्या गावावर अवलंबून असते?

आपल्या वसई-विरार भागातून आखातात नोकरीला गेलेला माणूस नाही असे आळीत सहसा होत नाही. तिकडच्या व्हिसाच्या अर्जांतही धर्माचा रकाना असतो. तिथे माझ्यासारखा 'नाही' लिहिण्याचा चावटपणा कोणी करीत नाही. सौदी अरेबियाने २०१४ साली काढलेल्या नियमांत नास्तिक विचारांचा पुरस्कार हा दहशतवादात गणला. शेजारच्या बांगलादेशात अविजित रॉय हा लेखक २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ढाक्यात पुस्तकांच्या जत्रेतून परतत असताना भर रस्त्यात कोयत्याने तोडला गेला. त्याचा गुन्हा एवढाच, की तो विज्ञानावर आणि विवेकावर लिहीत असे.

उलट विलायतेत पाहावे तर चित्र अगदी निराळे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असे सांगितले आणि कोणाची झोप उडाली नाही. ईश्वरनिंदेचा जुना गुन्हा तिथल्या कायद्यातून २००८ सालीच गेला. कॅथलिक आयर्लंडने २०१८ साली सार्वमत घेऊन तो आपल्या घटनेतून काढला. अमेरिकेची गंमत आणखी वेगळी. राष्ट्राच्या घटनेत स्पष्ट म्हटले आहे, की सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही. पण टेक्सास, टेनेसी यांसारख्या काही राज्यांच्या घटनांत देव न मानणाऱ्याला पद नाकारणारी कलमे अजून छापलेली आहेत. १९६१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी अट बेकायदा ठरवली म्हणून ती कलमे निर्जीव झाली, एवढेच. म्हणजे कायद्याने मुभा दिली तरी लोकांच्या मनातला रकाना इतक्या लवकर बदलत नाही.

इथे कोणी आस्तिक मित्र म्हणेल, "पाहा, धर्म किती छळतो!" असे म्हणण्याची पाळी आम्हा नास्तिकांवर यावी आणि आम्ही गप्प बसावे, असाही इतिहास आहे. मॉस्कोतले ख्रिस्त तारणहाराचे भव्य चर्च १९३१ साली सोव्हिएत सरकारने सुरुंग लावून उडवले. अल्बानियाने १९६७ साली सगळ्या मशिदी आणि चर्चे बंद करून स्वतःला नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतले आणि प्रार्थना करणाऱ्यांना तुरुंग दाखवला. त्या देशात मी जन्मलो असतो तर सरकारमान्य ठरलो असतो. पण माझ्या आजीचे काय झाले असते? तेव्हा खरा प्रश्न देव आहे की नाही हा नाही. दुसऱ्याच्या मनातला रकाना आपण भरावा काय, हा आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. इथे नास्तिकाची परंपरा काही आजची नाही. 'सुधारक' पत्र १८८८ साली काढणाऱ्या आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच काढली. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' एकहाती चालवले, कोर्टकज्जे सोसले. डॉ. श्रीराम लागू यांनी तर देवाला निवृत्त करा असे उघड लिहिले आणि तरीही लोकांनी त्यांच्या नाटकांना गर्दी केली. हा आपला मोठेपणा. पण याच महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्याच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. वास्तविक त्यांची लढाई देवाशी नव्हतीच. देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी होती. त्यांच्या मरणानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. मारेकऱ्यांपैकी दोघांना जन्मठेप व्हायला मात्र मे २०२४ उजाडला.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर वसईहून लोकलने तासाभरात पोहोचता येईल अशा विलेपार्ल्याचे घ्या. २०१२ साली तिथल्या एका चर्चच्या आवारातील क्रूसावरून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. सनल इडामारुकू या विवेकवादी गृहस्थांनी जागा तपासून सांगितले, की जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीत शोषले जाऊन वर चढते आहे. चमत्काराचा उलगडा झाला. पण धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि अटकेच्या धास्तीने त्यांना फिनलंड गाठावे लागले. पाणी कुठून येते हे सांगितल्याबद्दल माणसाला देश सोडावा लागला!

न्यायालये मात्र या बाबतीत आपल्या बाजूची आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितले, की आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार कोणावर करू शकत नाही आणि 'मला धर्म नाही' असे म्हणण्याचाही नागरिकाला हक्क आहे. हा निकाल मला ठाऊक असता तर त्या खिडकीवर मी इतका लवकर नमलो नसतो! २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात स्वतःला नास्तिक म्हणवणारे अवघे ३३ हजारांच्या आसपास भरले. ते वाचून मला हसू आले. एवढे तर विरार लोकलच्या दाराशी लोंबकळत असतील. बाकीच्यांनी, माझ्याप्रमाणेच, आईवडिलांचा धर्म लिहिला असावा.

पण देश बदलायला विमानच लागते असे नाही. आपल्याच वसई तालुक्यात घर बदलले की देश बदलतो. मी आगाशीकडच्या हिंदू घरातला. "देव मानत नाही" म्हटले तर आमच्याकडे कोणी फारसे मनावर घेत नाही. "वय आहे, येईल वळणावर" म्हणून सोडून देतात आणि गणपतीला आरतीची थाळी हातात ठेवतात. माझा एक मित्र नंदाखालकडचा, ख्रिस्ती. विश्वास त्याचाही उडालेला; पण तो कोणाला सांगत नाही. त्याच्या घरी बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत आयुष्याचा प्रत्येक टप्पा चर्चच्या वहीत लिहिला जातो. "मी नाही म्हटले तर मला कोणी काही करणार नाही रे," तो म्हणतो, "पण रविवारी आईला विचारतील, मुलगा दिसत नाही. ती काय सांगेल?" म्हणून तो दर रविवारी आईचा हात धरून मिस्साला जातो. आणि वर्गातल्या एका मैत्रिणीने तर माझे तोंडच बंद केले. ती म्हणाली, "मुलगा नास्तिक झाला तर विचारवंत. मुलगी झाली तर हाताबाहेर गेलेली. मी नुसता मार्गशीर्षातला गुरुवार मोडला तर घरात आठ दिवस अबोला होता." एका बाकावरचे आम्ही तिघे, पण तीन देशांतले!

आता माझ्या स्वतःच्या परीक्षेची गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात आजोबा गेले. वडील माझ्या लहानपणीच गेलेले. तेव्हा थोरला नातू म्हणून सारे मी करावे अशी आजीची इच्छा. अग्नी मी दिला. पण दहाव्याला मुंडन आणि पिंडदान करायला मी साफ नकार दिला. नुसता नकार दिला असता तर एक वेळ चालले असते. मी अंगणात जमलेल्या भावकीपुढे व्याख्यान दिले. कावळ्याचे शास्त्र, आगरकर, सगळे काढले. अखेर काका पुढे झाले आणि त्यांनी विधी केला. आजी ओटीवर बसून होती. एक शब्द बोलली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी वाडीतून केळीची पाने काढून आणताना ती एवढेच म्हणाली, "तुझं खरं असेल रे बाबा. पण मी तुला देवासाठी कर म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी कर म्हटलं होतं."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. माझा विचार बदललेला नाही. मेलेल्या माणसाला भात पोहोचत नाही, हे मी आजही म्हणेन आणि पुन्हा प्रसंग आला तरी बहुधा नकारच देईन. कारण आज आजीसाठी, उद्या सासऱ्यांसाठी, परवा शेजाऱ्यांसाठी असे करीत गेले की माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे काही उरत नाही. पण नकार आदल्या रात्री आजीच्या उशाशी बसून, तिचा हात हातात घेऊन सांगता आला असता. मी तो सुतकाच्या अंगणात, तिचे दुःख ताजे असताना, सभा भरवून दिला. तिथे माझा विवेक नव्हे, माझा अहंकार बोलत होता.

नालासोपाऱ्यात बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा बौद्ध स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तो उकरला. वेद न मानणारा तो नास्तिक, ही जुनी व्याख्या धरली तर आपल्या या भूमीवर नास्तिकांचा मुक्काम दोन हजार वर्षांहून जुना ठरतो! याच परिसरात अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. नववा लेख मला फार जवळचा वाटतो. त्याचा आशय असा, की आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. ते करावेत; पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम, हा खरा विधी. अशोक काही नास्तिक नव्हता. पण विधींचे फळ थोडे हे सांगताना त्याने ते करणाऱ्यांचा अपमान केला नाही. अंगणातल्या व्याख्यानापूर्वी मी हा लेख वाचला असता तर!

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. सरकारच्या आणि शाळा-कॉलेजांच्या प्रत्येक अर्जात 'धर्म नाही' ही जागा छापलेली असावी. न्यायालयाने दिलेला हक्क खिडकीपर्यंत पोहोचला पाहिजे. आस्तिक बंधुभगिनींनी आमच्या नकाराला उद्धटपणा किंवा वयाचा दोष समजू नये, आणि मुलाला दिलेली मोकळीक मुलीलाही द्यावी. आणि माझ्या नास्तिक मित्रांनो, आपणही शोक झालेल्या घरात शास्त्रार्थ मांडू नये. देव नसेल तर माणसांना माणसांशिवाय कोणीच नाही. मग आपली जबाबदारी दुप्पट होत नाही काय?

गेल्या महिन्यात आजीला जीवदानीला घेऊन गेलो. तेराशेच्या वर पायऱ्या; दर वळणावर थांबत, तिला हात देत चढलो. ती आत गेली, मी बाहेर तिच्या चपलांपाशी बसलो. तिने आत ये म्हटले नाही, मी का नाही आलो हे सांगितले नाही. खाली उतरताना मी तिला सहज विचारले, "आजी, २०२७ च्या जनगणनेला माणूस घरी येईल. घरातले मोठे म्हणून तुलाच विचारेल. माझ्या नावापुढे धर्म काय सांगशील?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पायरीवर टेकत म्हणाली, "त्या दिवशी घरी थांब. तुझं तू सांग."