मध्यस्थ गेला, काम राहिले

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य फार लवकर पाठ होते : मध्यस्थ काढला की माल स्वस्त होतो. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्यालाही ते इंग्रजीत धडाधड लिहिता येते आणि गुण मिळतात. जपानच्या निटोरी या फर्निचर व गृहोपयोगी वस्तूंच्या दुकानांची हकिकत वाचली, आणि हे वाक्य मला अर्धेच खरे वाटू लागले.

आकिओ निटोरी यांनी १९६७ साली होक्काइदोतील साप्पोरो येथे फर्निचरचे दुकान काढले. गिऱ्हाइकाशी बोलणे त्यांना जमत नसे. विक्री पत्नीने सांभाळली. १९७२ साली ते अमेरिका पाहून आले. तेथे फर्निचर जपानच्या सुमारे एकतृतीयांश किमतीला मिळे, शिवाय पडद्यापासून खुर्चीपर्यंत सारे एकमेकांना शोभेसे. त्यांनी ३० वर्षांत १०० दुकानांचा संकल्प सोडला. शंभरावे दुकान २००३ साली उघडले. (एका वर्षाचा उशीर मी तरी माफ करीन!)

हे साधले कसे? प्रथम दिवाळखोर व्यापाऱ्यांचा माल घेऊन, मग परदेशी कारखानदारांकडून थेट खरेदी करून आणि पुढे स्वतःचेच कारखाने काढून : १९९४ साली इंडोनेशियात, २००४ साली व्हिएतनाममध्ये. आयात, गोदामे, घरपोच वाहतूक, सारे आपल्याच हाती. म्हणजे माल निवडणे, साठवणे, त्यात पैसा अडकवून ठेवणे, मोडतोड सोसणे, ही मध्यस्थाची कामे नाहीशी झाली नाहीत. फक्त खांदा बदलला. आणि कामाबरोबर जोखीमही आली. आयातीचे व्यवहार डॉलरमध्ये. २०२१ च्या आरंभी डॉलरला सुमारे १०५ येन पडत, ऑक्टोबर २०२२ मध्ये १५० पडू लागले. मध्ये एखादा आयातदार असता तर थोडा भार त्याने उचलला असता. विक्री आणि नफा सलग ३६ वर्षे वाढवीत आलेल्या या कंपनीची ती परंपरा मार्च २०२४ मध्ये संपलेल्या वर्षी तुटली.

डिसेंबर २०२४ मध्ये निटोरीचे भारतातील पहिले दुकान मुंबईत घाटकोपरला उघडले. त्याला विरोध करावा असे मला मुळीच वाटत नाही. लहान घरात मावणारी, परवडणारी वस्तू मिळणे ही थोडी गोष्ट नव्हे.

पण माझे मामा बेळगावात कपाटे आणि पलंग विकतात. पुस्तकाच्या भाषेत ते मध्यस्थ. शाळामास्तरांना ते सुगीपर्यंत नव्हे, पण दिवाळीपर्यंत उधार देतात, शेतकऱ्याला सुगीपर्यंतही. पाच वर्षांपूर्वी विकलेल्या कपाटाची बिजागरी निखळली तरी सुतार पाठवतात, बहुधा फुकट. या कामाची किंमत कपाटाच्या किमतीतच बसलेली असते, म्हणून ते महाग दिसते. उद्या ते दुकान उठले, तर बिजागरी कोणीतरी पैसे घेऊन बसवील. उधारीची वही मात्र कोण उघडणार? चार वर्षांनी आपल्यापैकी काहीजण बँकेच्या कर्जखिडकीमागे बसलेले असतील. तारणाशिवाय, नुसत्या तोंडओळखीवर, आपण देऊ का त्या शेतकऱ्याला पलंगापुरते पैसे?